दोष आढळला नाही

तिसऱ्या गॅरेजनंही तेच लिहून दिलं होतं.
तो कागद चारदा दुमडून
विनिफ्रेड ॲक्रॉइड बाईंनी माझ्या काउंटरवर ठेवला,
उडू नये म्हणून वर चष्मा ठेवला,
म्हणाल्या, मला अजून वेड लागलेलं नाही.

बाहेर कीथलीचा मार्च, भिंतींना ओल.
निळी फोर्ड उभी, मागच्या सीटवर
वासराएवढा कुत्रा, नाव मॉर्टिमर.

तक्रार अशी, की गाडी चाळीसनं पळत असते
आणि काटा अचानक शून्यावर झोपतो.
गिअरबॉक्सला वाटतं, आपण थांबलोय.
तो गोंधळतो, एकच गिअर धरून बसतो,
मागचे हॉर्न वाजवतात.
आणि मेकॅनिक शेजारी बसला की काही नाही,
दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबते तसं.

सेन्सर दोनदा बदलून झाला होता.
काढलेले दोन्ही त्यांनी मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत जपलेले.
मी मीटर लावला. दोन्ही ठणठणीत.
चोर सोडून संन्याशाला फाशी,
प्रत्येकी एकशे चाळीस पौंड.

स्कॅनर म्हणाला : गतीचा सिग्नल, अधूनमधून.
अधूनमधून.
या एका शब्दाच्या मागे माझी एकोणीस वर्षं गेलीत,
आणि दोन्ही गुडघे.

कधी होतं, लिहून ठेवलंय का, मी आपलं सहज विचारलं.
त्यांनी वहीच काढली.

मंगळवार, चार दहा. ओकवर्थचा चढ, डावं वळण. मॉ. उठून उभा.
शुक्रवार. सपाट रस्ता. मॉ. झोपलेला. काही नाही.
रविवार. चढ, डावं वळण. मॉ. आधी उठला,
मग काटा पडला.

आधी. त्याखाली दोन रेघा.

त्या चालवत होत्या, माझ्या मांडीवर लॅपटॉप,
हिरवी रेघ शहाण्यासारखी चाललेली.
चढ आला. वळण आलं.
मागं पंजे खरखरले, माझ्या मानेवर गरम श्वास,
आणि रेघ तुटली.
खिडकीबाहेर दगडी कुंपणं पळत होती,
मेंढ्या पळत होत्या,
आणि गाडी शपथेवर सांगत होती, मी उभी आहे.

लिफ्टखाली उलगडा झाला, अर्धाच.
इंजिनाचं एक रबर बसलेलं;
चढावर डावीकडे वळताना इंजिन कलतं,
सेन्सरची वायर ताणली जाते.
ते कलणं कुत्र्याला पोटातून कळत असणार.
पण वायर वरून अखंड. मीटर म्हणे, जोडलेली.
हलवली, वाकवली, हेअर ड्रायरनं तापवली,
काही बोलेना.

द्या इकडे, बाई म्हणाल्या.

गिरणीत त्या मेंडर होत्या, सव्वीस वर्षं.
लोकरीच्या ठाणावरून हात फिरवायचा,
जिथं धागा चुकलाय तिथं थांबायचं,
सुईनं नवा भरायचा. डोळ्यांचं काम शेवटी.
त्यांनी माझ्यासमोर डोळे मिटले.
वाकडी झालेली बोटं काळ्या वायरवरून
सावकाश, इंच इंच,
परत थोडी मागं.

मला इचलकरंजी आठवली.
माझे वडील जॉबर, चार मागांच्या खडखडाटात
कुठल्या मागाचा धागा गेला ते
पाठमोरे सांगायचे.
मी ते शिकलो नाही. मला मीटर आवडायचा.

इथं मऊ आहे, बाई म्हणाल्या.

ब्लेडनं साल काढली.
आत तांबं हिरवं पडलेलं,
सात तारांपैकी सहा तुटलेल्या,
सातवी नुसती टेकून.

नवा तुकडा जोडला, रबर बदललं.
ओकवर्थचा चढ तीनदा मारला.
मॉर्टिमर घोरत होता.

जॉबकार्डवर मी लिहिलं : दोष आढळला.
शोधणाऱ्याच्या रकान्यात माझी सही असते.
तिथं लिहिलं, वि. ॲक्रॉइड.
त्यांनी चष्मा लावून वाचलं,
माझ्याकडून पेन घेतलं,
आणि आपल्या नावाच्या आधी
कुत्र्याचं घातलं.